पाचशे एकावी रेघ

मंगळवार, ६ डिसेंबर १९७७

आज डोकं असं फिरलंय की घरात कुणाशीही बोलले तर भांडणच होईल. म्हणून लिहीत बसलेय.

मुंबईचे साहेब आले होते. आमचं जर्मन मिलिंग मशीन ज्या कंपनीचं, तिचे इथले एजंट. आमच्या वडिलांनी, अप्पांनी, वारायच्या आदल्या वर्षी हे मशीन मुंबईतल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणलं आणि सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या आमच्या शेडमध्ये बसवलं. त्यावर यंत्रमागाचे कॅम होतात. कॅम म्हणजे लोखंडाचा वेडावाकडा गोल. तो फिरतो तसे मागावरचे धागे वरखाली होतात. मशीनचं टेबल त्या लोखंडाला हळूहळू फिरवतं आणि कटर आतबाहेर होत कापत जातो. टेबल नेमकं किती फिरलं हे मशीनला कळतं ते खालच्या एन्कोडरमुळे. त्यात एक काचेची तबकडी, तिच्या कडेला बारीक रेघा, एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारे दोन डोळे. रेघ समोर आली की अंधार, सरकली की उजेड. मशीन अंधार मोजतं. पाचशे झाले की एक फेरी पुरी. डोळे दोन एवढ्यासाठी, की टेबल कुठल्या दिशेला फिरतंय तेही कळावं.

गेल्या आठवड्यात टेबल अडकलं आणि त्या झटक्यात तबकडीचे तुकडे झाले. तेव्हापासून मशीन आंधळं होऊन उभं आहे.

साहेबांनी तुकडे रुमालावर घेऊन पाहिले. म्हणाले, "ही जर्मनीहूनच यायला हवी. आयातीचा परवाना, मग ऑर्डर, वर्षभर धरून चाला. त्यापेक्षा मशीनच आम्हाला देऊन टाका."

मी म्हटलं, "एन्कोडर मी बनवते."

ते माझ्याकडे न बघता अण्णाला म्हणाले, "बहीण रेडिओ वगैरे दुरुस्त करतात वाटतं?"

मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, तिथल्या कारखान्यात नोकरी केलीय. हे अण्णाने सांगायला पाहिजे होतं. अण्णा म्हणजे महादेवप्पा, माझा थोरला भाऊ. वर्कशॉप आता त्याच्या नावावर आहे. पण त्याने आयुष्यात कुणाला तोंडावर नाही म्हटलेलं नाही. तो म्हणाला, "बघा साहेब, तुमचं म्हणणं बरोबर हाय की."

झालं. संक्रांतीनंतरच्या सोमवारी ट्रक येणार. "तोवर जमिनीतले बोल्ट ढिले करून ठेवा," असं साहेब जाता जाता सांगून गेले आणि अण्णाने मान हलवली.

हे मशीन गेलं तर त्या शेडमध्ये माझं काही उरत नाही. लेथ अण्णाचं, लोखंड ठोकायचा मोटरवरचा मोठा हातोडा अण्णाचा. मी गुलबर्ग्याचं सासर सोडून आले तेव्हा अप्पांनी एक शब्द विचारला नाही. मला या मशीनपुढे उभं केलं आणि म्हणाले, दाक्षायणी, हे तुझं. आता मशीन हललं की लोक म्हणणार, झालं ना खेळून, जा परत. मी जाणार नाही आणि मशीनही जाणार नाही.

गुरुवार, ८ डिसेंबर

अण्णाशी बोलणं बंद. तो बोलतो, मी बोलत नाही.

शेडवर गेले तर मशीनच्या पायाशी चारी बाजूंनी तेलकट पोती टाकलेली. बोल्ट ढिले केले असणार आणि मला दिसू नयेत म्हणून झाकले असणार. पोतं उचलून बघितलं नाही. बघितलं असतं तर पाना घेऊन त्याच्या मागे धावले असते. आमची आई, अव्वा, सांगत होती, परवा तो हाताला सिमेंट घेऊनच जेवायला बसला. मागच्या न्हाणीचा गिलावा पडलाय, तो करत असेल. अप्पांचं मशीन विकायला निघालेल्या माणसाला न्हाणी बरी सुचते.

माझं ठरलंय. काचेवर रेघा ओढणं इथं जमायचं नाही, तेव्हा तबकडी नकोच. पारदर्शक प्लास्टिकची एक मोठी बांगडी करायची आणि तिच्यावर रेघांची फिल्म गुंडाळायची. दिवा आत, डोळे बाहेर. बांगडीचा घेर अर्धा मीटर. तेवढ्यात पाचशे काळ्या रेघा आणि मध्ये तेवढीच पांढरी जागा. चौपट मोठी पट्टी कागदावर काढून घ्यायची आणि फोटो काढून लहान करायची. प्रश्न एवढाच, की दोन मीटर कागदावर न कंटाळता एकसारखं काळं-पांढरं करणार कोण?

सोमवार, १२ डिसेंबर

साखर पेठेत मल्लय्यांकडे गेले. ते चादरींची नक्षी काढतात. ग्राफच्या कागदावर एकेक घर रंगवून मोर काढतील, वेल काढतील आणि मागावर ती नक्षी घरागणिक तशीच्या तशी उतरते. माझ्या पाहण्यात त्यांच्याइतका स्थिर हात दुसरा नाही.

त्यांनी विचारलं, "डिझाइन काय?"

"काळं, पांढरं, काळं, पांढरं. पाचशे वेळा."

त्यांनी चष्मा काढला. "बाई, याच्यात डिझाइन कुटं हाय? हे काय मला सांगायचं काम हाय का?"

खरंच दुखावले ते. मी खूप समजावलं, मशीन, दिवा, डोळे, सगळं. त्यांच्या कपाळावरची आठी काही हलेना. शेवटी म्हटलं, "असं समजा, लांब किनार आहे."

"किनार व्हय," ते म्हणाले आणि लगेच कागद पुढे ओढला. "मग तसं सांगायचं की. किनार करून देतो."

माणसाला कामाचं नाव त्याच्या भाषेत सांगितलं की काम होतं. मी स्वतःवर खूश होऊन घरी आले.

शनिवार, २४ डिसेंबर

पट्टी मिळाली. काय काम आहे! काळं इतकं काठोकाठ की भिंगाखालीही कड फाटलेली दिसत नाही. मल्लय्या सांगत होते, "पाचशे भरली. आन् जोड धरलोय बरं का, किनारीला धरतो तसा." मी हो हो म्हटलं. मी त्या कडांवरून नजर काढू शकत नव्हते. घरी आणून अव्वाला दाखवली तर ती म्हणाली, याचं परकर-पोलकं चांगलं होईल.

तिथून नव्या पेठेत ईरप्पांकडे. ते छापखान्यांसाठी ब्लॉक करतात, त्यांच्याकडे खोलीएवढा कॅमेरा आहे. त्यांना बांगडीचा घेर दिला आणि बजावलं, की कागदाची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर एवढ्या लांबीत आली पाहिजे.

"टोकाचं काय कापू का? बसवायला सोपं जाईल."

"एक केसही कापायचा नाही," मी म्हटलं. लोकांना कापायची फार हौस असते.

बांगडी मात्र मला अण्णाच्या लेथवर करावी लागली. तो शेजारी उभा राहून बघत होता. मध्येच त्याने न विचारता लेथचा वेग कमी केला. प्लास्टिक वितळायला लागलं होतं, हे खरं आहे. तरी मी बोलले नाही.

शुक्रवार, ३० डिसेंबर

फिल्म चिकटवली. टोकाला टोक असं भिडलं की जोड कुठाय ते मलाच शोधावं लागलं. दिवा लावला, टेबल हाताने फिरवलं आणि माझ्या काउंटरवर आकडे पळायला लागले. सोलापुरात, अक्कलकोट रोडवर, चादरीवाल्याने काढलेल्या रेघा मशीन मोजत होतं. मी एकटीच हसत होते.

मग एक फेरी पुरी केली आणि आकडा बघितला. पाचशे एक.

पुन्हा फिरवलं. पाचशे एक. उलटं फिरवलं. तेच.

तरी कॅम कापून बघितला. सगळं वळण सुंदर आलं आणि शेवटी सुरुवात जिथं होती तिथं येऊन मिळेना. टेबल केसभर आधी थांबलं. जिथं दोन टोकं भेटायची तिथं एक पायरी, नख अडकेल एवढी. असा कॅम मागावर लावला तर प्रत्येक फेरीला धागा तुटेल.

हा विजेचा गोंगाट आहे. कुठून तरी एक खोटा ठोका माझ्या तारेत शिरतोय आणि काउंटर तो रेघ म्हणून मोजतोय. पुण्याला असताना असले शंभर गोंगाट पकडलेत. हाही पकडीन.

मंगळवार, ३ जानेवारी १९७८

गोंगाट कोण करतंय ते उघड आहे. शेडच्या त्या टोकाला अण्णाचा हातोडा. त्याची मोटर चालू झाली की दिवेसुद्धा डोळे मिचकावतात. महिन्याभराचं मौन आज मोडलं.

"अण्णा, तुझा हातोडा माझ्या मोजणीत येतोय."

"बरं," तो म्हणाला.

"आणि बोल्ट ढिले करून ठेवलेत त्याने मशीन थरथरतं. ते आवळ."

"बोल्टाचं मी बघतो. तू तितं हात लावू नको."

म्हणजे आवळणार नाही. साहेबांना शब्द दिलाय ना.

गुरुवार, ५ जानेवारी

हातोडा कालपासून बंद आहे. रुसलाय. गिऱ्हाईकं दारात येऊन परत जातायत, हा त्यांना चहा पाजून पाठवतोय. मला दाखवायला, की बघ तुझ्या नादात धंदा बसला. बसू दे.

हातोडा बंद, तरी पाचशे एक.

सोमवार, ९ जानेवारी

शेजारच्या गाळ्यातलं वेल्डिंग दुपारभर बंद ठेवायला लावलं. पाचशे एक. समोरच्या हॉटेलातला रेडिओ बंद करायला लावला, तो मालक आता माझ्याकडे बघून कपाळाला हात लावतो. पाचशे एक. सगळ्या तारांवर पत्र्याचं कवच चढवलं, ठोका गिळायला कपॅसिटर टाकले. मोठा कपॅसिटर टाकला तर खऱ्या रेघाही गिळल्या जातात, लहान टाकला तर हा एक तसाच निसटून येतो. काय निगरगट्ट ठोका आहे. दोनदा येत नाही, चुकत नाही, फेरीला एकदा हजर.

आज प्रथमच वाटलं की साहेब बरोबर असतील. वाटलं ते लिहिलं. पण कुणाला सांगणार नाही. अव्वाने ताटात दुसरी भाकरी वाढत विचारलं, "ट्रक येणार म्हणून जेवण सोडलीस काय?" ती सासरची गोष्ट काढत नाही, पण गुलबर्ग्याहून कुणी आलं की मला आतल्या खोलीत काम सांगते. मशीन गेलं की मी कायमची त्या आतल्या खोलीत. ते मला चालणार नाही.

गुरुवार, १२ जानेवारी

दुपारी वीज गेली. नुसती आमची नाही, सगळ्या वसाहतीची. सगळे बाहेर जाऊन उभे राहिले. एक मोटर फिरत नव्हती, एक दिवा नव्हता. एवढी शांतता त्या शेडमध्ये मी कधी ऐकली नव्हती.

मग सुचलं. अण्णाच्या जीपची बॅटरी काढून आणली. त्याने ती मला स्वतः उचलून दिली, विचारलं काहीच नाही. दिवा बॅटरीवर, डोळे बॅटरीवर, काउंटर बॅटरीवर. गोंगाट करायला आसपास काही उरलंच नाही. टेबल हाताने फिरवलं.

पाचशे एक.

मी खाली बसले. मग भिंग आणि सुई घेतली आणि बांगडीवरच्या रेघा एकेक करून मोजल्या. खोटा ठोका नव्हताच. रेघच एक जास्त आहे. पंधरा दिवस मी निम्म्या अक्कलकोट रोडशी भांडले आणि काउंटर बिचारा खरं सांगत होता.

मल्लय्या. तरी म्हटलं होतं काळं-पांढरं पाचशे वेळा. उद्या सकाळी त्यांच्या दारात.

शुक्रवार, १३ जानेवारी. भोगी

मल्लय्या अंगणात बसले होते. मी बसलेसुद्धा नाही.

"एक रेघ जास्त काढलीत तुम्ही."

"कोण म्हणतंय?"

"मी मोजली."

"पाचशे आन् जोडाची एक. मी सांगितलो होतो की. तुमीच हो हो म्हणालात."

"गोल पट्टीला जोड कशाला लागतो?"

आता तेही उभे राहिले. "गोल हाय तर मग मला सरळ काढायला का सांगितलात? सरळ काढली की टोक आलं. टोक आलं की जोड आला. पहिलं काळं-पांढरं शेवटी परत काढायचं, शेवटचं उचलून पहिल्यावर बसवायचं, एकावर एक. माझ्या बापापास्नं किनार अशीच जोडायलोय आमी. तुमी काय केलात?"

"टोकाला टोक लावलं."

"टोकाला टोक," ते म्हणाले आणि घरात बघून तेलुगूत बायकोला काहीतरी सांगितलं. ती दारात आली, माझ्याकडे बघून गेली. मला तेलुगू येत नाही, पण ते मला कळलं.

त्यांचं काम चोख होतं. जी रेघ पहिल्या रेघेखाली लपायची होती, ती मी उघड्यावर मांडून तिला जागा करून दिली. ईरप्पा टोक कापायला निघाले होते, तर त्यांनाही दटावलं. चूक कुणाची ते इथं लिहिते, मल्लय्यांसमोर बोलणार नाही. त्यांच्या बायकोने बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी पुढे ठेवली तेव्हा मुकाट्याने खाल्ली, तेवढं त्यांना पुरलं असावं.

तिथून ईरप्पांकडे धावले. त्यांचं दुकान बंद, ते पांढरी बाराबंदी घालून निघालेले. आज सिद्धेश्वरांच्या अक्षता. "अक्षता पडल्याबिगर मी कॅमेऱ्याला हात लावणार न्हाय. देवाचं लगीन हाय, तुमची फिल्म न्हाय," असं तोंडावर म्हणाले. मग मीही गेले त्यांच्यामागे, अक्षता पडतात त्या संमती कट्ट्यावर. एवढ्या गर्दीत नंदीध्वजांच्या उंच काठ्या दिसल्या, अक्षता टाकल्या आणि ईरप्पा नजरेआड होऊ नयेत म्हणून त्यांच्या उपरण्यावर डोळा ठेवून उभी राहिले. देवाने माफ करावं. परत आल्यावर त्यांनी बाराबंदी न उतरवताच कॅमेरा लावला. या वेळी सांगितलं, पाचशे रेघा घेरात आणि एक वर.

रविवार, १५ जानेवारी

शेवटची रेघ पहिलीवर बसवायला सकाळ गेली. भिंगाखाली सरकवायची, धरायची, डिंक सुकेपर्यंत श्वास धरायचा. मल्लय्या स्वतः आले होते. मी बोलावलं नव्हतं. "डावीकडं," "जरा," "बास," एवढंच बोलत होते.

पाचशे.

पुन्हा पाचशे. उलटं, पाचशे.

कॅम कापला. टेबल सुरुवातीच्या जागी येऊन थांबलं. मल्लय्यांनी त्या जागेवरून नख फिरवलं, मग मी फिरवलं. अडकलं नाही. मी रडले, आणि मल्लय्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले. ते कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं.

सोमवार, १६ जानेवारी

ट्रक आला. साहेब, त्यांच्याबरोबर चार माणसं, साखळदंड.

मी मशीन चालू ठेवलं होतं. साहेबांनी कॅम हातात घेतला, जोड शोधला, त्यांना सापडला नाही. बांगडी बघितली, वाकून खूप वेळ बघितली. मग सरळ होऊन म्हणाले, "हुशारी आहे, मान्य. पण हे किती दिवस टिकणार? कंपनी याची काही जबाबदारी घेणार नाही."

"मागितलीय कुणी?" मी म्हटलं.

ते पुन्हा अण्णाकडेच वळले. "महादेवप्पा, आपलं ठरलंय. शब्द आहे तुमचा."

मी अण्णाकडे बघितलं. तो नेहमीसारखा हसला आणि म्हणाला, "व्हय की साहेब, ठरलंय. न्या की."

एवढं करून हा माणूस अजून नाही म्हणत नाही. साहेबांच्या माणसांनी पोती ओढून बाजूला केली आणि पाने हातात घेऊन तशीच उभी राहिली.

बोल्ट नव्हतेच. मशीनच्या चारही पायांवर सिमेंटचे चार दगड होते. बोल्ट, नट, सगळं आत बुडवून, वरून थापीने गुळगुळीत केलेलं. जुनं झालेलं, तेलाने काळं पडलेलं. एकाने पाना आपटून बघितला, ठणकन आवाज आला.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"मशीन थरथरू ने म्हणून पक्कं केलो साहेब. फोडून न्यायचं तर न्या. पण मशीनचा पाय बिडाचा हाय. सिमेंटबरोबर तोबी फुटतोय."

"कधी केलंत हे?"

"तुमी गेलात ना," अण्णा म्हणाला, "त्याच दिवशी."

साहेबांनी चहासुद्धा घेतला नाही. अण्णाने फार आग्रह केला. रिकामा ट्रक वळून अक्कलकोट रोडला लागेपर्यंत तो दारात उभा राहून हात करत होता.

न्हाणीचा गिलावा अजून पडलेलाच आहे. मी रोज तिथंच अंघोळ करते आणि मला दिसलं नाही.

मी म्हटलं, "मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलो असतो तर तू चिडली नसतीस की."

"म्हणजे?"

"चिडल्याबिगर तू आजवर काय केलीस सांग. साहेब रेडिओ म्हणाला तवाच मला वाटलं, आता ही करती." मग खाली बघून म्हणाला, "दाक्षी, आता हातोडा चालू करू काय? लई दिवस झाले. गिऱ्हाईकं चहा पिऊन पिऊन वैतागलीत."

मी पाना उचलला होता. तो खाली ठेवला आणि म्हटलं, "कर."

अण्णाने मोटर चालू केली. दिवे मिचकावले, फरशी हादरायला लागली, शेड परत पहिल्यासारखी धडधडली. मी दुसरा कॅम लावला. टेबल फिरून आपल्या जागी आलं तेव्हा हातोडा जोरात चालला होता आणि काउंटरवर पाचशे होते.